सतरा नंबरचा गोटा

चैतरामभाऊ, भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची खोड शेवटपर्यंत गेली नाही. मी तावातावानं बोलत असायची आणि तुम्ही "चाय मांडतो जी" म्हणत चुलीकडे चालू लागायचात. यावेळी तर हद्दच केलीत. दिवाळी झाली की वैनगंगेकाठी पुन्हा जाऊ, काय तो एकदाचा निकाल लावू, असं ठरवून तुम्ही फोन ठेवलात आणि धान पिवळं पडायच्या आत निघून गेलात. मालताचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "म्याडम, बाबा गेले," एवढंच तुमची लेक म्हणाली. कालव्याच्या पाळीवर बसून शिदोरी खाल्लीत, पाणी प्यायलात आणि बसल्या जागी कलंडलात. कुणाला हाकसुद्धा मारली नाहीत.

मी रडले. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं हसायला मोकळी.

मी नाशिककडची. आमच्याकडे दगड म्हणजे काळा. घर काळ्या दगडाचं, देऊळ काळ्या दगडाचं, डोंगरही काळा. गोंदियाच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. हातात नवा हातोडा, डोक्यात नवी पदवी आणि रानाची वाट एक माहीत नाही. नमुने गोळा करायला, वाट दाखवायला माणूस हवा होता. अर्जुनी मोरगावच्या एस.टी. स्टँडवर चहावाल्यानं तुम्हाला पुढं केलं. "हा घ्या म्याडम. याले साऱ्या जंगलातले गोटे तोंडपाठ हायत." तुम्ही लाजून मान खाली घातलीत, आणि पोतं खांद्यावर टाकून माझ्या पुढं चालायला लागलात. किती पैसे, किती दिवस, काही विचारलं नाहीत. दुपारपर्यंत गप्प. मग राहवलं नाही तुम्हाला.

"एक पुसू का जी म्याडम? हे गोटे कायले जमा करून राहिल्या? घर बांधता का?"

मी हसले नाही, उलट तिथंच एका खडकावर बसून तुम्हाला तासभर शिकवलं. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे भूपट्ट आहेत, ते नखं वाढतात त्या वेगानं सरकतात, वगैरे वगैरे. माझा आवेश काय विचारता! वर्गात साठ पोरं बसली असावीत असा हात फिरवत होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंग आमच्या बांध्या कोनत्या तुकड्यावर हायत?" धुऱ्यांनी आखलेल्या धानाच्या त्या चौकोनी शेतांची काळजी तुम्हाला आधी. प्रश्न मात्र बरोबर होता. या जिल्ह्यात दगडांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी तोच पडतो.

इटियाडोह धरणाच्या कालव्यावरची ती सकाळ तुम्हाला आठवत असणारच. पाणी सुटलेलं होतं. मी तुम्हाला समजावून दमले होते की समुद्राचा तळ जड असतो, तो शेजारच्या भूपट्टाखाली घुसत जातो. पण त्याच्यावर बसून आलेली बेटं, कुठल्या तरी खंडाचे तुटके तुकडे, हे हलके असतात, ते खाली जात नाहीत. ते कडेला खरवडले जातात आणि तिथंच चिकटतात. असे तुकडे चिकटत चिकटतच जमीन मोठी होत गेली. तुम्ही ऐकत होतात, पण डोळे कालव्याच्या लोखंडी दाराकडे. दार अर्धं खाली टाकलेलं. पाणी त्याच्या खालून घोंघावत निघून जात होतं, आणि वाहत आलेला ओंडका, काटक्या, शेवाळाचा गोळा, सगळं दाराला येऊन टेकत होतं.

"म्हंजे या दारावानी," तुम्ही म्हणालात. "पानी खालून गेलं. लाकूड दारालेच अटकलं."

मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. जाडजूड पुस्तकांनी जे मला चार वर्षं घालून शिकवलं ते तुम्ही विडी विझवता विझवता सांगून टाकलंत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी वर्गात तेच उदाहरण दिलं. पोरं त्याला 'चैतरामभाऊंचं दार' म्हणायची. एकानं तर परीक्षेत तसंच लिहिलं होतं आणि मी त्याला पूर्ण मार्क दिले. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर महिनाभर मिशीला पीळ देत हिंडला असतात.

आता भांडणाकडे येते. आपली भांडणं दोन. पहिलं, शिवण कुठून जाते याचं. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी दक्षिणेचा एक जमिनीचा तुकडा आणि उत्तरेचा एक तुकडा इथंच कुठं तरी एकमेकांना येऊन भिडले. त्या जोडाला मी शिवण म्हणायची. ती वैनगंगेच्या आसपास कुठं तरी आहे असं आम्ही म्हणतो, पण नेमकी कुठून जाते यावर आम्हा शिकलेल्यांत आजही एकमत नाही. तुमचं मत मात्र ठाम. शिवण नदीतूनच जाते. का? तर तुमचा जन्म नदीच्या पल्याडचा, बालाघाटकडचा, आणि सासर अल्याडचं. "पल्याडची माती अलग, पानी अलग, मानूस अलग. शिवन नदीत नाही तं कुठं राहीन?" माझे नकाशे तुम्ही हातानं बाजूला सारायचात.

दुसरं भांडण सतरा नंबरचं.

एका उन्हाळ्यात नदी आटली होती आणि आपण तिरोड्याच्या बाजूनं काठाकाठानं चार दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी तो खडक सापडला. काळे पट्टे, पांढरे पट्टे, दोन रंगांच्या कणकेचे गोळे एकत्र लाटावेत तसे. जोडाच्या जागी दोन्ही बाजूंचे दगड भरडले गेले, ताणले गेले आणि दाबाखाली पुन्हा एक झाले, तो हा दगड. मी अक्षरशः उड्या मारल्या. तुम्ही नदीच्या पलीकडे बघत होतात. "तो पिपर दिसते ना जी, त्याच्या मांगं आमचं घर," म्हणालात, आणि पुन्हा हातोड्याला लागलात.

कामाची पद्धत मी तुम्हाला शिकवली आणि तुम्ही ती माझ्याहून कडक पाळलीत. ताजा तुकडा फोडायचा, एका कोपऱ्याला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावायचा, तो वाळला की त्याच्यावर लाल रंगानं नंबर. शाळा तुम्ही पाहिली नव्हती, पण आकडे काढायला शिकलात, आणि तुमचा सात असा पोट सुटलेला की तो लांबूनही ओळखू यावा. त्या खडकाचा नंबर सतरा. मी तो वहीत लिहिला, तुम्ही तो दगडावर लिहिलात, पोत्यात टाकलात. गोंदिया स्टेशनाबाहेर ऑटोवाला पोतं उचलून म्हणाला, "मैडम, पत्थर ही लाना था तो इतनी दूर काहे को गए? यहाँ कम हैं क्या?" कॉलेजात पोतं उघडलं. सोळा होता, अठरा होता. सतरा नव्हता.

मी तुम्हाला काय काय बोलले! पोतं हलकं करायला वाटेत टाकलात म्हणाले. तुम्ही लाल झालात. "मी टाकला नाही जी. आईची आन." आणि ते खरंच होतं, टाकला नव्हताच तुम्ही. पुढच्या वर्षी मी परत त्या काठाला गेले तर पुरानं तो खडक वाळूखाली गेला होता. कॉलेजच्या काचेच्या कपाटात मी सतराची जागा हट्टानं रिकामी ठेवली. समोर चिठ्ठी, 'नमुना १७, हरवला'. तुम्ही कधी कॉलेजात आलात की त्या कपाटाकडे बघायचं टाळायचात, आणि मला वाटायचं माणसाला शरम आहे.

आता तिसरी गोष्ट सांगते. ती भांडण नव्हती, म्हणून जास्त टोचते.

तुम्ही लमसेना. लग्नाआधीच सासऱ्याच्या घरी येऊन वर्षानुवर्षं राबायचं आणि मग मुलगी मिळायची, ही तुमच्यातली रीत. तुमच्या सुरजाबाई बापाच्या एकुलत्या एक, म्हणून लग्नानंतरही तुम्ही इथंच राहिलात, घरजावई. चाळीसहून जास्त वर्षं. धुरे तुम्ही बांधलेत, विहिरीची दरड तुम्ही काढलीत, गावातल्या निम्म्या घरांवर कवेलू, आमच्याकडची कौलं, तुम्ही चढवलेत. तरी लग्नात जेवायला बसताना कुणी तरी हटकून म्हणायचंच, "पल्याडच्यालेही वाढा रे." तुम्ही सगळ्यात मोठ्यानं हसायचात. मला तुमचं हसणं खरं वाटायचं.

एकदाच, धुऱ्यावर बसलो असताना, तुम्ही विचारलंत, "म्याडम, तो जो तुकडा येऊन चिपकते, त्याले मंग त्याचं जुनंच नाव राह्यते का नवीन भेटते?"

मी मास्तरीण. मी माझ्या विषयाचं उत्तर दिलं. म्हणाले, कितीही वर्षं गेली तरी आम्ही तो ओळखतो. त्याची घडण वेगळी असते. कोटी कोटी वर्षांनीही आम्ही त्याला बाहेरून आलेला तुकडाच म्हणतो. तुम्ही "बरं" म्हणालात आणि चहा मांडायला गेलात. मला काहीच कळलं नाही. घरी जाऊन मी वही भरली, जेवले, झोपले. किती वर्षांनी तरी एका वर्गात बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तुम्ही दगडाचं विचारत नव्हतात. तेव्हा सरळ बस पकडून तुमच्याकडे यायला हवं होतं. नाही आले. विषय कसा काढावा, या विचारात वर्षं गेली. आपण धानावर बोललो, गुडघ्यांवर बोललो, मालताच्या अंगणवाडीच्या नोकरीवर बोललो, आणि हे तेवढं राहिलं.

म्हणून परवा सुरजाबाईंचा निरोप आला तेव्हा मी पहिल्या गाडीनं निघाले. मालता फोनवर म्हणाली, "म्याडम, बाबाच्या गोट्याचं बसून राहिले सारे. आई म्हणते, म्याडमले बलाव."

तुमच्या गावाबाहेर येनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐनाच्या, मोठ्या झाडाखाली पूर्वजांच्या गोट्यांची रांग आहे, ती मी पाहिली होती. माणूस गेला की त्याच्या नावाचा गोटा त्याच्या कुळाच्या रांगेत ठेवायचा, म्हणजे तो आपल्या माणसांत मिळाला. अडचण तुमचीच. गावचे भुमका, म्हणजे तुमच्या देवाधर्माचं बघणारे ते वाकलेले म्हातारे, सांगत होते की जावयाचं कूळ वेगळं, त्याचा गोटा त्याच्या गावी, नदीपल्याड. चुकीच्या रांगेत ठेवला तर तो ना इथला होईल ना तिथला. म्हातारा दुष्ट नव्हता हो. खरंच काळजीनं बोलत होता. पल्याडहून तुमचा पुतण्या आला होता, तो हात जोडून म्हणाला, "आमी नेऊ, आमची ना नाही. पर तिकडे काकाले ओळखनारं कोन हाय आता? त्याच्या उमरीचं कोनीच राह्यलं नाही."

आणि सुरजाबाई. खांबाला टेकून बसलेल्या, डोळे कोरडे. "माह्या बापानं माह्यासाठी त्याच्या रांगेत जागा धरून ठेवली," त्या म्हणाल्या. "मी इथं अन् हा नदीपल्याड. जित्तेपनी एक दिवस अलग नाही राह्यलो. आता काऊन?"

मग भुमकांनी विचारलं, त्यानं स्वतः काही सांगून ठेवलं होतं का? सुरजाबाई उठल्या, आत गेल्या. धान साठवायच्या ढोलीच्या मागं हात घालून त्यांनी तुमच्या जुन्या शेल्यात गुंडाळलेलं काही तरी जड बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर ठेवलं. "हा गोटा. म्हने, मी गेलो का हाच ठेवजा. कुठं ठेवजा, ते नाही सांगतलं."

शेला सुटला. काळे पट्टे, पांढरे पट्टे. कोपऱ्यात पांढरा ठिपका, आणि त्याच्यावर विटका लाल सतरा. सातचं पोट सुटलेलं.

चैतरामभाऊ, तुम्ही चोर! इतकी वर्षं! आईची आन घेऊन! आणि आन खोटीही नाही, टाकला नव्हताच, घरी नेला होता. त्या मातीच्या अंगणात, सगळं गाव शोकात बसलेलं असताना, मी मोठमोठ्यानं हसायला लागले. पोटात दुखेपर्यंत हसले. मालता घाबरून पाणी घेऊन धावली. मी कपाळाला हात लावून सांगितलं की हा माझा दगड आहे, यानं माझ्या पोत्यातून काढला, मी याला चोरासारखं बोलले आणि हा चोरच निघाला. आधी सुरजाबाईंचा ओठ हलला, मग पुतण्या हसला, मग भुमकाही, दात नसलेलं तोंड उघडून. तुमच्या नावानं सगळं अंगण हसत होतं. तुम्ही असतात तर चहा मांडायला पळाला असतात.

हसणं विरलं तसे भुमका पुढं सरकले. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी तं शिकलेल्या. इमानदारीनं सांगा जी. हा गोटा इकडला का तिकडला?"

तुमचाच प्रश्न होता तो. यावेळी मी ऐकला.

मी म्हणाले, "आजा, हा नदीकाठच्या जोडातला आहे. यातला कण अन् कण एके काळी कुठला तरी होता, थोडा इकडचा, थोडा तिकडचा. आता एकमेकांत असे दळले गेलेत की कुणालाच, मलासुद्धा, वेगळे काढता येत नाहीत. फोडलात तर दोन गोटे होतील, पण दोन्हींत दोन्ही राहतील." मग जे धुऱ्यावर बोलायचं राहिलं होतं तेही बोलले. "आणि बाहेरून आलेला तुकडा एकदा बसला, की पुढं खालून जो तापलेला रस वर येतो तो दोघांमधून एकत्रच वर येतो आणि टाक्यासारखा गोठतो. तसा टाका दिसला की आम्ही विचारणं बंद करतो. म्हणतो, ही एकच जमीन." बोलताना मी मालताकडे बघत होते. ती तुमचंच नाक आणि आईचे डोळे घेऊन उभी होती, पाण्याचा तांब्या हातात तसाच.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पुतण्याला म्हणाला, "उचल. इथंच ठेवू. सुरजाच्या जागेच्या बाजूले." पुतण्यानं दोन्ही हातांनी दगड उचलला. आता तुमच्याही झालेल्या त्या रांगेत तो ठेवला तेव्हा सुरजाबाई वाकून त्याची माती पुसत म्हणाल्या, "पाह्य, किती दिवस ढोलीमांगं लपून बसला होता." आणि मग त्या रडल्या, मीही रडले, पण ते रडणं मोकळं होतं.

जेवायला बसलो तेव्हा पंगतीत कुणी तरी सवयीनं म्हणालं, "पल्याडच्यालेही वाढा," आणि तुमच्या नावाचं एक पान खरंच वाढलं गेलं. भुमका त्या माणसाकडे बघून म्हणाले, "पल्याडचा कोन रे? इथं सारे गावचेच बसले हायत." मी ते मुद्दाम तुमच्यासाठी लक्षात ठेवलं.

आज सकाळी मी कॉलेजात गेले. नव्या मास्तरांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली. सतराची जागा तशीच रिकामी होती, धूळ पुसली. जुनी चिठ्ठी काढून टाकली आणि नवी लिहिली. तुम्हाला वाचता यायचं नाही, म्हणून वाचून दाखवते:

'नमुना १७. सापडला. पत्ता : येनाच्या झाडाखाली, चैतराम आणि सुरजाबाई यांच्या घरच्या रांगेत. इथला दगड आहे, कुणी परत मागू नये.'